अर्भकाचा मृत्यू दैवाधीन नव्हे

ज्या घराने धम्मदीक्षा घेतली त्या घरातून सटवाईचे पूजन गेले. पाचव्या रात्री ती येऊन बाळाच्या कपाळी आयुष्य लिहिते, ही समजूतही गेली असे आपण म्हणतो. परंतु आठ-दहा दिवसांचे बाळ दगावले की 'त्याचे तेवढेच होते' हे उद्गार अजून आपल्याच ओसरीवर ऐकू येतात. सटवाई गेली, तिचा लेख मात्र राहिला.

त्या रात्रीच्या भयाला एक खरे कारण होते. मळक्या विळ्याने नाळ कापावी, तीवर राख किंवा शेण लावावे, आणि त्या वाटेने धनुर्वाताचे जंतू शरीरात शिरावेत. काही दिवसांत बाळाचा जबडा मिटे, ते अंगावर पिणे सोडी आणि झटके येऊन मरे. दोष पात्याचा, आळ सटवाईवर! गरोदर मातेला लस आणि नाळेला स्वच्छ पाते, या साध्या उपायांनी हा रोग हटला. २०१५ साली भारतात त्याचे निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले.

नाळ कापणे विटाळाचे, म्हणून ते काम गावाने बहुतेक ठिकाणी मांग-महार स्त्रियांवर लादले. जिच्या हातांवर गावाची मुले जन्मली, तिलाच त्या घरी पाणी वरून ओतले जाई. अशी लादलेली कामे आपण टाकली, हे योग्यच झाले. पण बाळंतपण म्हणजे बायकांनी काळोख्या खोलीत उरकायची बाब, ही कल्पना आपण टाकली काय?

गडचिरोलीचे उदाहरण पाहा. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९० नंतरच्या दशकात तेथील ३९ गावांत एक प्रयोग केला. प्रत्येक गावातीलच एक थोडी शिकलेली स्त्री निवडली व तिला शिकविले. ती घरोघर जाऊन बाळाचे वजन करी, त्यास उबेत ठेववी, श्वास कोंडला तर साधनाने श्वास देई, जंतुदोष दिसल्यास घरच्यांच्या संमतीने औषध टोची. सुईणीला दूर लोटले नाही. तिच्यासोबतच काम केले. हजार जन्मांमागे महिन्याच्या आत मरणारी बालके ६२ होती, ती काही वर्षांत २५ वर आली. गावे तीच, गरिबीही बरीचशी तीच. मग बदलले काय, याचा विचार वाचकांनीच करावा.

हा भार एकट्या कुटुंबाचा नव्हे, हे बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात मांडले होते. प्रसूतीच्या आगेमागे मातेला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा खर्च मुख्यत्वे सरकारने सोसावा, असे म्हणून त्यांनी गिरणी-कारखान्यांतील स्त्रियांसाठीच्या प्रसूतिलाभ विधेयकाला पाठिंबा दिला. २०११ पासून सरकारी रुग्णालयात बाळंतपण, शस्त्रक्रिया, औषधे, रक्त, आहार व नेण्या-आणण्याचे वाहन विनामूल्य आहे. हा हक्क आहे, मेहेरबानी नव्हे. पैसे मागणाऱ्याला हे स्पष्ट सांगा.

रुग्णालयात बाळंतपण झाले तरी आशाताईने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी घरी यावयाचे असते. ती आपल्या वस्तीत येते काय? उंबऱ्याबाहेरूनच वही भरून जात असेल, तर वस्तीने एकत्र जाऊन आरोग्य केंद्रात विचारावे. आणि जी मनापासून येते, तिच्या कामाला पगार नव्हे, मोबदला मिळतो, हेही विसरू नये. तिच्या न्याय्य मागणीस आपला आवाज मिळाला पाहिजे. ती 'पहिला चीक टाकू नका, मध-गुळाचे पाणी पाजू नका, आंघोळीची घाई नको' असे सांगते तेव्हा आजीबाईंनी रागावू नये. बाळ दूध ओढीनासे झाले, अंग गार पडले, रडणे क्षीण झाले, मिनिटाला साठ किंवा अधिक श्वास होऊ लागले, तर सकाळची वाट पाहू नये.

येत्या पौर्णिमेला विहारात जमाल तेव्हा आशाताईस बोलवा. वस्तीत कोण गरोदर आहे, कोणाचा महिना भरत आला, रात्री गाडी कोणाची मिळेल, सोबत कोण जाईल, हे त्याच बैठकीत लिहून काढा. त्या बैठकीस पुरुषांनीही बसावे.