‘पुन्हा करून दाखव!’

मागच्या वर्षी कॅम्प दोनमधल्या सायबर कॅफेत शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना माझा उत्पन्नाचा दाखला संगणकाने तीनदा गिळला. कार्यालयात, कारकुनासमोर मात्र निमूट घेतला. “पुन्हा करून दाखव,” ते म्हणाले. दाखवता येईना, म्हणून मी खोटी ठरले. जीन्सच्या कारखान्यात खाडा करून आलेली आई माझ्याकडेच पाहत राहिली.

मित्रहो, अशा दोषांना संगणकशास्त्रात रीतसर नावे आहेत. १९८५ साली जिम ग्रे यांनी ती मांडली. हमखास परत दिसणारा तो बोरबग, पाहू गेले की पळणारा तो हायझेनबग. त्यांनी वापरातल्या एका प्रणालीतले १३२ दोष पाहिले. त्यांत बोरबग एकच! कारण उघड आहे. हमखास दिसणारे दोष चाचणीतच सापडतात. ग्राहकापर्यंत पोचतात ते बहुतेक पळपुटे. दोन कामांची वेळ नेमकी जुळली किंवा स्मृती भरत आली, तरच ते डोके काढतात. (आमच्या गल्लीतला मोबाइलवाला “बंद करून चालू कर” म्हणतो, तो अडाणी नव्हे.)

प्रमाण सगळीकडे एकच नसते. पवईच्या आय.आय.टी.चे माजी विद्यार्थी किशोर त्रिवेदी व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये नासाच्या १८ मोहिमांतले ५२० दोष वर्गवारीत बसवले, तेव्हा सुमारे ६१ टक्के बोरबग निघाले. पण उरलेल्यांना तिथे कोणी खोटे म्हटले नाही. त्यांचीही नोंद होती.

आपल्या खिडकीपाशी तशी एक वही हवी, असे मला वाटते: वेळ, यंत्र, काय करताना घडले. पहिली नोंद मी करीन. दुपारचे सव्वातीन.