बाळंतिणीचे दूध आणि सरकारी दवाखाना

बाळंतिणीला दूध कमी आले की आपल्या घरांत दोनच उपाय होतात. आधी आळीव-डिंकाचे लाडू, शेपू, खसखशीची खीर. आठ दिवसांत गुण आला नाही की मेडिकलमधून पावडरचा डबा. मधल्या मध्ये 'हिच्या अंगावर दूधच नाही' हे त्या मुलीला ऐकून घ्यावे लागते. आमचे म्हणणे असे की ही तक्रार डॉक्टरांनी तपासण्याची आहे, आणि तशी सोय जैनथ, बेला, तलमडगू या भागांतील सरकारी दवाखान्यांत झाली पाहिजे.

डब्याचा हिशेब पाहा. निव्वळ पावडरवर असलेल्या दोन महिन्यांच्या बाळाला ४०० ग्रॅमचा डबा चार-पाच दिवस पुरतो. म्हणजे महिन्याला सहा-सात डबे. कापसाचे पैसे हाती येईपर्यंत उधारीवर चालणाऱ्या घराला हे झेपत नाही. मग पावडर पातळ होते, बाटली उकळायची राहते आणि बाळाला जुलाब लागतात.

बहुतेक वेळा कारण साधे असते. बाळ छातीला नीट लागत नाही, रात्रीचे पाजणे टळते. दर दोन-तीन तासांनी पाजले की दूध वाढते. पण काही मातांच्या बाबतीत थायरॉइडचा दोष, प्रसूतीत झालेला अतिरक्तस्राव किंवा पोटात राहिलेला वारेचा तुकडा हे कारण असते. तिथे लाडवांनी गुण येत नाही.

कारणावर इलाज करूनही दूध वाढले नाही, तर काही डॉक्टर डोमपेरिडोनची गोळी देतात. ही मुळात मळमळीवरची. पण दूध तयार करणारे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक तिने वाढते. देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ती आहे आणि महागही नाही. मात्र ती परस्पर मागून घेण्याची गोळी नव्हे. हृदयाच्या ठोक्यांचा दोष असणाऱ्यांना ती धोक्याची ठरू शकते, काही अँटिबायोटिकांबरोबर चालत नाही. दुधासाठी ती घेण्याविरुद्ध अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्येच इशारा दिला होता. म्हणून आमची मागणी नुसत्या गोळीची नाही. आधी तपासणी व्हावी, गरज असेल तिलाच डॉक्टरांनी लिहून द्यावी, आणि ती दवाखान्यातूनच मोफत मिळावी.

यासाठी नवी यंत्रणा उभारायला नको. घरी येणाऱ्या आशा कार्यकर्तीच्या भेटी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी ठरलेल्या आहेत. बाळाचे वजन तीच करते. चौदा दिवसांत जन्माचे वजन भरून आले नाही, तर त्याच दिवशी चिठ्ठी देऊन आईला डॉक्टरांकडे पाठवावे. केंद्र सरकारच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत प्रसूती होणाऱ्या प्रत्येक सरकारी ठिकाणी स्तनपानासाठी मदत मिळावी असे म्हटले आहे. ती कागदावरून खाली उतरावी.

दुसरा प्रश्न भाषेचा. आपल्या कित्येक सुना सीमेपलीकडच्या. पहिले बाळंतपण माहेरी, किनवट-पांढरकवड्याकडे होते आणि महिना-दीड महिन्याने त्या इकडे येतात. गोळी कशी घ्यायची, कधी थांबवायची, हे तेलुगूतून सांगितले तर त्यांना काय कळणार? भाषिक अल्पसंख्याक १५ ते २० टक्के असतील तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही निघाव्यात, हे १९५६ पासून मान्य झालेले तत्त्व आहे. दवाखान्यातली सूचना याहून महत्त्वाची ती कोणती?

म्हणून जिल्हा वैद्यकीय व आरोग्य अधिकाऱ्यांकडे आमच्या तीन मागण्या आहेत. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक दिवस बाळंतिणींची तपासणी, अवघड प्रकरणे रिम्सकडे पाठवण्याची ठरलेली पद्धत, आणि सर्व सूचना मराठीतही. माहेरचे कार्ड दाखवणाऱ्या आईला परत पाठवू नये.

समाजबांधवांनी मते मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला मंदिराच्या सभामंडपाआधी हे विचारावे. आणि सासूबाईंनी लाडू जरूर करावेत, पण सुनेला बोल लावण्याऐवजी तिच्यासोबत दवाखान्यात जावे.