सोनार कोण?

खुर्ची मागे झुकवली, तोंड उघडायला सांगितलं आणि दातावर धातू आपटल्याचा टक् असा आवाज आला. जिभेच्या मधोमध चकचकीत गोळी. मुलगी विशीची, आली होती अक्कलदाढ ठणकते म्हणून. ओपीजीला पाठवताना मी म्हणाले, "हे काढ आधी. आणि परत घालूच नकोस." तिने मान डोलावली, गोळ्यांची चिठ्ठी घेतली आणि पुढची तीन वर्षं फिरकली नाही.

मी सांगितलं त्यात चूक काहीच नव्हतं. अमेरिकन डेंटल असोसिएशनही तोंडातल्या टोचण्याच्या विरोधातच आहे. पण आपल्याकडे कोणी परवानगी मागायला येत नाही, टोचून झाल्यावर येतात. तंबाखूच्या पेशंटला नुसतं ओरडलं की तो दवाखाना बदलतो, तंबाखू नाही, हे आपण केव्हाच शिकलो. इथे मात्र तोच धडा विसरतो.

म्हणून यापुढे पहिला प्रश्न जिभेतून आरपार घातलेल्या, टोकांना गोळ्या असलेल्या दांडीच्या लांबीचा विचारूया. टोचल्यावर तीन ते पाच दिवस जीभ चांगलीच सुजते, म्हणून सुरुवातीला मुद्दाम लांब दांडी घालतात. सूज उतरली की, साधारण दोन-तीन आठवड्यांनी, ती बदलून आखूड घालायची असते. पेशंट तिथेच चुकतो, कारण तोवर दुखणं थांबलेलं असतं. मग ती लांब दांडी दिवसभर खालच्या पुढच्या दातांमागे घासत राहते, आणि चाळा म्हणून चावलीही जाते. 2002 साली जर्नल ऑफ पेरिओडॉन्टॉलॉजीत 52 जणांचा एक अभ्यास आला होता. नमुना लहान, पण दोन किंवा जास्त वर्षं लांब दांडी वागवणाऱ्यांपैकी निम्म्यांची जिभेकडची हिरडी सरकलेली आढळली. चार वर्षं उलटलेल्यांत जवळपास तितक्याच जणांच्या दाढांचे टवके उडाले होते.

दुसरा प्रश्न हृदयाचा. ऱ्हुमॅटिक हृदयरोग आपल्याकडे अजून सरलेला नाही. झडपेचा आजार असलेल्याने किंवा कृत्रिम झडप बसवलेल्याने जीभ टोचून घेऊच नये, आणि हे आधीच बजावता आलं तर उत्तम. कोणालाही टोचल्यापासून आठवड्याभरात ताप, जिभेखाली ताठ सूज, गिळायला त्रास असं काही दिसलं तर गोळ्या देऊन घरी पाठवू नका, थेट रुग्णालयात पाठवा. जीभ टोचल्यावर चार दिवसांत लुडविग्ज अँजायना झाल्याची नोंद ब्रिटिश डेंटल जर्नलने 1997 मध्येच छापली आहे. श्वास बंद व्हायला वेळ लागत नाही.

बाकी काळजी साधीच. बर्फाचे तुकडे, गार मऊ खाणं, कपभर पाण्यात पाव चमचा मीठ घालून जेवणानंतर चूळ. क्लोरहेक्सिडिन महिनोन्‌महिने चालू ठेवू नये, दात काळवंडतात, चव जाते. मद्यार्क असलेलं माउथवॉश नकोच. जखम भरेपर्यंत, म्हणजे चार ते सहा आठवडे, तंबाखू, गुटखा, सिगारेट बंद. दांडी इम्प्लांटच्या दर्जाच्या टायटॅनियमची असावी. गोळी रोज स्वच्छ हाताने आवळून पाहावी, सैल झालेली कधी पोटात जाते, कधी श्वासनलिकेत. कान टोचायची बंदूक तोंडात चालवणाऱ्याकडे तर पाऊलही टाकू नये.

सोनारानेच कान टोचावेत, अशी आपली म्हण. जिभेचा सोनार टॅटूच्या दुकानात बसतो आणि त्याला धमन्या कुठे हे माहीत असेलच असं नाही. तिरुचिरापल्लीत 2024 च्या डिसेंबरात टॅटूच्या दुकानात जीभ चिरून दुभंगून दिल्याबद्दल दोघांना अटक झाली. टोचण्याचं काम आपलं नाही, पण म्हणीतल्या दुसऱ्या अर्थाने टोचणारे आपणच.

ती मुलगी मागच्या महिन्यात परत आली. खालच्या दातांना थंड लागतं म्हणे. आरशात पाहिलं तर मधल्या दोन दातांमागची हिरडी चार मिलिमीटर सरकलेली, आणि खालच्या गोळीवर टार्टरचं कवच. दांडी काढून पट्टीवर ठेवली. वीस मिलिमीटर, पहिल्याच दिवशीची. "बदलायची असते हे मला कोणी सांगितलंच नाही, मॅडम," ती म्हणाली. तिच्या जुन्या केसपेपरवर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: काढण्याचा सल्ला दिला.