वरचा टँकर, खालचा टँकर

अंतराळ स्थानकाचं कौतुक होतं ते तिथल्या माणसांमुळे. त्यांना जगवणाऱ्या मालवाहू यानांकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही. सोव्हिएत संघाने २० जानेवारी १९७८ रोजी 'सॅल्यूत-६' स्थानकासाठी 'प्रोग्रेस-१' सोडलं. त्यात माणूस नव्हता, फक्त माल होता. आजचं प्रोग्रेस साधारण अडीच टन माल नेतं. त्यात इंधन, शिधा, हवा आणि फार तर ४२० लिटर पाणी. माल उतरवला की त्यात कचरा भरतात आणि यान पॅसिफिकवर जाळून टाकतात.

थोडक्यात काय, तर चारशे किलोमीटर उंचीवर जाणारा टँकर! आता टँकर म्हणजे काय हे पारोळा-अमळनेर-शिंदखेड्याच्या माणसाला समजावून सांगायला नको. पावसाने दगा दिला की "टँकर उना का?" हाच गावाचा पहिला प्रश्न असतो.

वरचा टँकरही कधी कधी येत नाही. ऑक्टोबर २०१४ ते जून २०१५ या आठ महिन्यांत तीन मालवाहू यानं वाया गेली, दोन अमेरिकन आणि एक रशियन. तरी स्थानकावर कोणी उपाशी-तहानलेलं राहिलं नाही, कारण काही महिन्यांचा साठा आधीच बाजूला ठेवलेला होता. शिवाय घाम, श्वासातली वाफ, अगदी लघवीसुद्धा शुद्ध करून तिथे पुन्हा पितात. २०२३ मध्ये नासाने ९८ टक्के पाणी परत मिळवल्याचं जाहीर केलं. टँकरने आणायची ती उरलेली तूट.

तुम्ही म्हणाल, तिथे मोजून सात माणसं आणि पैसा अमाप, आपली तुलना कशाला? पण मला त्यातलं यंत्र नकोच आहे, हिशेब हवा आहे. यंत्र तर आपल्याकडेही आलं. जळगावच्या केळीला ठिबक आलं, तरी यावल-रावेर पट्ट्यात भूजल खोल खोलच गेलं. वाचलेलं पाणी शिल्लक ठेवायचं कुठे ठरलं होतं? ते आणखी केळीत गेलं.

गंमत म्हणजे असा हिशेब खान्देशाला नवा नाही. साक्री भागात पांझरेवर शेकडो वर्षं फड पद्धत चालली. बंधाऱ्याचं पाणी पाटाने यायचं, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं आणि पाणी पाटकरी द्यायचा. नदीत पाणी कमी असलं की त्या वर्षी कोणता फड भिजवायचा आणि कोणता कोरडा ठेवायचा, हे गाव मिळून ठरवायचं. त्याच साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने जंगल राखून आपलं पाणी परत आणलं. तिथल्या चैत्राम पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली.

भारताचं स्वतःचं स्थानक २०३५ पर्यंत उभं करायचा बेत आहे. जानेवारी २०२५ मध्ये इस्रोने दोन यानं अंतराळात जोडून दाखवली, म्हणजे आपला टँकरही एक दिवस वर जाईल. जरूर जावा, मला आनंदच होईल. पण त्या स्थानकावर थेंबाथेंबाचा हिशेब ठेवणारे आपण, खाली गावाचा हिशेब ठेवायला कोणाची वाट बघतोय? टँकरची?