आजीचे पाणी आणि लांबचा प्रवास

घरीच शिकून राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची परीक्षा देणाऱ्या मुलांना सुट्टीची वाट पाहावी लागत नाही. अशी कुटुंबे मोटारीने दीर्घ भ्रमंतीस निघतात, तेव्हा आजी-आजोबाही सोबत असतात. बोरिवलीहून सावंतवाडी सुमारे ५०० किलोमीटर. सारा दिवस गाडीतच जातो.

अशा वेळी अनेक आजी सकाळपासून पाणीच पीत नाहीत. वाटेत स्वच्छतागृह मिळेल की नाही ही धास्ती, आणि आपल्यासाठी सर्वांचा खोळंबा नको हा संकोच. परंतु शरीरातील पाणी घटले की रक्तदाब उतरतो, उतरताना भोवळ येते. लघवी वाढविणारी गोळी चालू असल्यास धोका अधिक. त्यातच ४ तासांहून अधिक काळ बसून प्रवास केल्यास पायाच्या शिरेत गुठळी होण्याची शक्यता सुमारे दुपटीने वाढते, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये नमूद केले. निरोगी व्यक्तीत ती मुळात अल्प असते. उतारवयात तेवढे निश्चिंत राहू नये.

म्हणून दर दोन तासांनी गाडी थांबवावी. ‘आई, थांबायचे का?’ असे विचारू नये. उत्तर ‘नको’ हेच येईल. घड्याळ नातवंडांकडे सोपवावे व त्यांनीच आजीला पाच मिनिटे चालवून आणावे. पाणी घोट-घोट द्यावे. हृदयविकार वा मूत्रपिंडविकार असल्यास प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नये.

प्रवासात किंवा परतल्यावर काही आठवड्यांत एकाच पायाला सूज आली, अथवा अचानक धाप लागली, तर थकवा समजून थांबू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे.