बटण वाकडं, दोष खाली

इलेक्ट्रिक गिटारचं बटण तिरकं दिसलं की अनेकजण ते जोरात दाबतात किंवा गोंद लावतात. माझ्या मते ही दुरुस्ती नव्हे, झाकपाक आहे. बाजूला स्क्रू असेल तर तो सैल करून बटण सरळ वर काढा. खालचा नट ढिला असेल तर अख्खा पॉट फिरतो आणि आतल्या तारा तुटू शकतात. तो बेताने आवळा. मधोमध चीर असलेल्या दांड्याची पाती जवळ आली असतील तर ती स्क्रूड्रायव्हरने किंचित फाकवा. जोर केल्यास मोडतील. १८ दात्यांच्या दांड्यावर २४ दात्यांचं बटण नीट बसत नाही, हेही तपासा. इन्स्पेक्शनपुरतं सरळ दिसणं पुरेसं नाही. बँडरूमची गिटार उद्या ज्युनियर कॅडेट वाजवणार आहेत. ती धड अवस्थेत सोपवणं हे आपलं काम आहे.