न्यूट्रलमध्ये फुल रेस

संध्याकाळी साडेसहाला चाकणच्या तळेगाव चौकात कधी अडकलायत? नसाल तर नशीबवान आहात. पुढे कंटेनर, मागे कंपनीची बस, बाजूला टेम्पो, आणि पंधरा मिनिटं जागचं हलायचं नाव नाही. अशा वेळी शेजारचा एखादा पोरगा बाईक न्यूट्रलमध्ये टाकून रेस पूर्ण पिळून धरून बसला, तर तुम्ही त्याला काय म्हणाल? मी तरी जे म्हणेन ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आता तोच पोरगा घरी येतो, पीसीवर गेम लावतो आणि मेनू तसाच उघडा ठेवून चहा प्यायला जातो. इकडे ग्राफिक्स कार्ड त्या एका मेनूचं चित्र सेकंदाला नऊशे वेळा काढत बसतं. पंखे बोंबलतात, कार्ड तापतं. आणि आपण काय म्हणतो? "काय कार्ड आहे राव!"

तर मंडळी, आज भांडायचंय ते या वेडेपणाशी.

निमित्त माझ्या मामेभावाचं. तो चाकणला एका कंपनीत व्हीएमसी ऑपरेटर आहे. सुट्टी गुरुवारी. (एमआयडीसीत गुरुवार हाच रविवार असतो, हे हिंजवडीवाल्यांना अजून माहीत नाही.) सहा-सात महिन्यांचा ओव्हरटाइम साठवून त्याने एक सेकंडहँड पण दणकट कार्ड घेतलं. घरात शांतता म्हणून नाही, पण आठवड्यातून एक दिवस कुणी त्याला "प्रॉडक्शन किती झालं?" असं विचारू नये म्हणून. आठवडाभर मजेत गेला. मग सुरू झालं: गेम चालू, स्क्रीन काळी, आणि दोन-चार सेकंदांनी थेट डेस्कटॉप. कधी मॅच लोड होताना, पण बहुतेक वेळा मेनूमध्येच.

दुकानात नेलं. दुकान कुठलं ते सांगत नाही, कारण अशी दुकानं गल्लोगल्ली आहेत. दहा मिनिटांत निदान झालं: "कार्ड गेलं. नवीन घ्या." नव्याचा जो आकडा सांगितला तो त्याच्या दीड महिन्याच्या पगाराएवढा. कुणी इव्हेंट व्ह्यूअर उघडला नाही, कुणी तापमान पाहिलं नाही, केबलला हात लावला नाही.

एका शनिवारी तो पीसी उचलून माझ्याकडे मोशीला आला. आल्या आल्या म्हणाला ते माझ्या डोक्यात अजून घुमतंय: "दादा, आमच्याकडे टूल तुटलं तर सुपरवायझर नवीन मशीन घ्या असं नाही म्हणत. आधी विचारतो, फीड किती ठेवला होतास? लोड मीटर बघितलास का?"

घ्या. चार वर्षं इंजिनीअरिंग आणि सहा वर्षं आयटी करून आम्ही लोक "रीस्टार्ट करून बघा" आणि "विंडोज परत टाका" यापुढे जात नाही, आणि हा गडी पहिल्या वाक्यात मुद्द्यावर.

मग आम्ही लोड मीटर बघितला. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४१०१ नंबरची नोंद ओळीने पडलेली: डिस्प्ले ड्रायव्हरने उत्तर देणं थांबवलं आणि तो पुन्हा उभा राहिला. ही यंत्रणा विंडोजमध्ये व्हिस्टापासून आहे. कार्डाला दिलेलं काम साधारण दोन सेकंदांत पुढे सरकलं नाही, की विंडोज ड्रायव्हरला धरून रीसेट करते. म्हणजे ही नोंद फक्त "पेशंट बेशुद्ध पडला" एवढंच सांगते. का पडला, ते नाही. (रजिस्ट्रीत जाऊन ही दोन सेकंदं दहा करा असा सल्ला देणारे महाभाग भेटतात. याने बहुतेक वेळा एवढंच होतं, की पेशंट बेशुद्ध आहे हे आपल्याला उशिरा कळतं.)

त्याचा मॉनिटर ७५ हर्ट्झचा. मेनूमध्ये आकडा दिसला ९०० च्या वर. म्हणजे दर बारा फ्रेममागे अकरा कचऱ्यात! त्या अकरा फ्रेम कुणीही पाहिल्या नाहीत, पाहू शकणारही नव्हतं, पण वीज जळली, उष्णता झाली. चिपची शक्ती फ्रिक्वेन्सीच्या आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात जाते, हे आपण सगळेच व्हायवापुरतं पाठ करून विसरलो. फ्रेमवर मर्यादा घातली की कार्डाला मध्ये मध्ये श्वास मिळतो, ते क्लॉक आणि व्होल्टेज दोन्ही खाली आणू शकतं.

ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये जाऊन ६० ची मर्यादा घातली. एनव्हिडियाने ही सोय जानेवारी २०२० मध्ये स्वतःच्या कंट्रोल पॅनेलमध्येच दिली, एएमडीकडे २०१५ पासून आहे. शनिवार रात्र आणि अख्खा रविवार गेम चालला. एकदाही काळोख नाही.

इथे बरेच जण थांबतात आणि "फिक्स झालं" म्हणून पार्टी मागतात. माझं म्हणणं, फिक्स काहीच झालं नव्हतं. मर्यादा हे औषध नाही, तो थर्मामीटर आहे. मर्यादा घातल्यावर क्रॅश थांबला याचा अर्थ दोष लोडशी जोडलेला आहे: उष्णता, वीजपुरवठा, किंवा कुणीतरी आधी ताणून ठेवलेलं ओव्हरक्लॉक. थांबला नसता तर ड्रायव्हर, रॅम, प्रोसेसर, खुद्द गेम यांच्याकडे आधी वळलो असतो. एका फुकटच्या सेटिंगने निम्मे संशयित बाजूला काढले.

तापमान ठीक होतं, ओव्हरक्लॉक नव्हतं. मग केबल पाहिली. कार्डाला आठ पिनांची दोन सॉकेट, आणि दोन्ही एकाच केबलच्या दोन टोकांनी भरलेली. त्यातलं दुसरं टोक नीट बसलेलंसुद्धा नव्हतं. असं प्रत्येक सॉकेट १५० वॉटसाठी असतं. मोठ्या कार्डाचा भार एका केबलवर टाकायचा आणि वर मेनूमध्ये फुल रेस द्यायची... दुसरी केबल पॉवर सप्लायच्या खोक्यातच पडून होती. ती लावली, दोन्ही टोकं टक्‌ आवाज येईपर्यंत बसवली, मर्यादा काढली आणि मुद्दाम मेनू दोन तास उघडा ठेवला. काही झालं नाही. (एका वेळी एकच गोष्ट बदलावी हा नियम मी मोडला. त्यामुळे दोष वाटून घेतलेल्या केबलचा की ढिल्या टोकाचा, हे छातीठोकपणे सांगता येत नाही. कबूल.)

खर्च: शून्य रुपये. दुकानाचं निदान: दीड महिन्याचा पगार.

आता मला माहितीये कोण काय म्हणणार. "पूर्ण पैसे मोजलेत, मग पूर्ण फ्रेम का नको? मर्यादा घातल्यावरच चालणारं कार्ड म्हणजे सदोष माल." या आक्षेपाचा पहिला भाग चुकीचा आणि दुसरा अगदी बरोबर आहे. कंपनीने दिलेल्या मूळ सेटिंगवर, चांगल्या वीजपुरवठ्यावर कार्ड पडत असेल तर वॉरंटी मागा, भांडून मागा. २०२१ च्या जुलैत न्यू वर्ल्ड गेमच्या बीटामध्ये महागडी ३०९० कार्डं मेली, तेव्हा ईव्हीजीएने आपल्या काही कार्डांवरचं सोल्डरिंग खराब होतं हे मान्य करून ती बदलून दिली. पण त्याच वेळी गेमवाल्यांनीही मेनूवर फ्रेमची मर्यादा टाकली. चूक दोन्हीकडे होती.

आणि हे पहिल्यांदा घडत नव्हतं. २०१० मध्ये स्टारक्राफ्ट टू आला तेव्हाही मेनू मोकाट धावून कार्डं तापत होती. ब्लिझार्डने सेटिंगच्या फाइलमध्ये दोन ओळी टाकायला सांगितल्या: खेळात ६०, मेनूत ३०. अकरा वर्षांनी आपण पुन्हा तिथेच! म्हणून माझा खरा राग दुकानदारावर कमी आणि आपल्या जमातीवर जास्त आहे. न थांबता फिरणारं लूप लिहायचं, आपल्या मशीनवर चालतंय म्हणून पुढे ढकलायचं, आणि कुठे पडलं की हार्डवेअरकडे बोट दाखवायचं. हे गेमवालेच करतात असं नाही. दर मिलिसेकंदाला "काही आलं का?" विचारणारा कोड मीही प्रॉडक्शनला पाठवलाय.

उलटी गंमतही पाहा. २०२४ मध्ये इंटेलचे तेराव्या-चौदाव्या पिढीचे काही प्रोसेसर अस्थिर निघाले, तेव्हा अनेक गेम "व्हिडिओ मेमरी संपली" असा निरोप देत होते. लोक ग्राफिक्स कार्डाला दोष देत राहिले आणि गुन्हेगार निघाला प्रोसेसर. तिथे ड्रायव्हर शंभर वेळा टाकूनही काय होणार होतं?

बाईकच्या इंजिनाला रेव्ह लिमिटर असतो. चाकणलाच बनणाऱ्या ड्यूकवर बसणारा कुणी "माझ्या इंजिनाचा अपमान झाला" म्हणत नाही. व्हीएमसीच्या स्पिंडललाही कमाल आरपीएम असतो, तो ओलांडणाऱ्याला शूर म्हणत नाहीत, घरी पाठवतात. फक्त आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये "तुझ्याकडे किती एफपीएस?" या प्रश्नावर माणसाची किंमत ठरते.

स्पर्धेत खेळणाऱ्यांना जास्त फ्रेमने इनपुट लॅग थोडा कमी मिळतो, हे मान्य. त्यांनी खेळात मर्यादा वर ठेवावी. पण मेनूत? मेनूत कुणाला गोळी घालायचीय?

असो. मामेभावाने शेवटी मर्यादा परत घातली, ७२. मी म्हटलं, "आता गरज नाहीये रे." तो म्हणाला, "माहितीये दादा. पण उगाच कशाला पळवायचं?" आणि पीसी पिशवीत घालून निघाला. सोमवारी त्याची फर्स्ट शिफ्ट होती.